75 लाखांचा फ्लॅट, 27 हजार भाडं: बाकीचा हप्ता कुठून येणार?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत नोकरी, हाताशी 25 लाख. वाकडमधला एक रिसेल टू बीएचके 75 लाखांना मिळतोय, भाडं 27 हजार येईल असं एजंट सांगतो. बँक साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 60 लाख द्यायला तयार आहे. भाड्यातून हप्ता कितपत निघेल, घर भाड्याने देताना काय सांभाळायचं, आणि कंपनीने दोन वर्षं परदेशी पाठवलं तर काय?

आधी हाताशी असलेले 25 लाख कुठे जातात ते बघू. कर्जाची रक्कम 30 ते 75 लाखांत असेल तर बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते, आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरली जात नाही. म्हणजे ते सगळं तुमच्या खिशातून.

स्वतःचा हिस्सा 15 लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात 7 टक्के, म्हणजे 5 लाख 25 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. एजंट एक टक्का धरला तर 75 हजार. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या सभासदाच्या नावावर करण्याची रक्कम, जास्तीत जास्त 25 हजार. त्याहून जास्त रक्कम ‘देणगी’ म्हणून मागितली तर ती देणं बंधनकारक नाही. कर्जाच्या गहाणाच्या नोंदीवर 0.3 टक्के मुद्रांक, म्हणजे 18 हजार. बँकेची प्रोसेसिंग फी आणि वकिलाचा खर्च मिळून 15 हजार. रंग, पंखे, गिझर, मच्छरजाळी, किचनच्या ट्रॉल्यांची डागडुजी हे सगळं पावणेदोन लाखांत बसवलं तरी एकूण 23 लाख 63 हजार होतात. उरले 1 लाख 37 हजार. 60 लाखांचा हप्ता 52,069 रुपये आहे. म्हणजे गंगाजळी म्हणून तुमच्याकडे तीन हप्तेही शिल्लक नाहीत. एवढं एकच कारण हा व्यवहार या आकारात न करण्यासाठी पुरेसं आहे.

आता भाडं. 27 हजार गुणिले 12 असा हिशेब एजंट करतो. तुम्ही 11 महिन्यांचाच धरा. एक भाडेकरू गेला की रंग, साफसफाई, नवा भाडेकरू शोधणं यात तीन-चार आठवडे सहज जातात. 11 महिन्यांचे 2,97,000. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना 3 हजार धरून 36 हजार, मिळकतकर 12 हजार, नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो) अडीच हजार, दर दोन वर्षांनी एक महिन्याची दलाली म्हणजे वर्षाला साडेतेरा हजार, दुरुस्ती आणि रंगाची वार्षिक तरतूद 18 हजार, कराराचा खर्च हजारभर. हातात राहतात 2 लाख 14 हजार, म्हणजे महिना 17,800 रुपये. घर सगळं धरून 83 लाख 63 हजारांना पडलं. निव्वळ परतावा अडीच टक्क्यांच्या किंचित वर.

हप्ता 52 हजार, भाडं निव्वळ पावणेअठरा हजार. दरमहा 34 हजार रुपये पगारातून घालावे लागतील. उलट्या बाजूने पाहा: 17,800 रुपयांत साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी फक्त साडेवीस लाखांचं कर्ज फिटतं. कुठल्याही घरासाठी हा आकडा सगळ्यात आधी काढायचा. दर लाखाला हप्ता 868 रुपये. निव्वळ मासिक भाड्याला 868 ने भागलं की ते घर स्वतःच्या बळावर किती लाखांचं कर्ज पेलतं ते कळतं. त्यापुढचं प्रत्येक लाख तुमचा पगार पेलतो.

‘भाडं दरवर्षी वाढतं, हप्ता तोच राहतो’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. कर्जाच्या दर शंभर रुपयांवर वर्षाला साडेआठ रुपये व्याज जातं आणि त्या शंभर रुपयांच्या घरातून अडीच रुपये येतात. मधले सहा रुपये घराची किंमत वाढूनच भरून निघायला हवेत, आणि तेही दरवर्षी. वाकड, हिंजवडी, पुनावळे या पट्ट्यात शेजारीच नवे टॉवर उभे राहत असताना दहा-बारा वर्षं जुन्या इमारतीतल्या फ्लॅटकडून ही अपेक्षा ठेवणं मला धाडसाचं वाटतं.

हप्ताही ‘तोच’ राहत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, कर्जं त्याच्यामागे चढली. तेव्हा अनेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली, त्यामुळे कित्येकांच्या लक्षातही आलं नाही. तुमच्याच कर्जाचा दर सुरुवातीलाच साडेनऊ झाला आणि हप्ता 52 हजारच ठेवला, तर 240 हप्त्यांचे साधारण 308 होतात. साडेपाच वर्षं जास्त. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय बँकेने द्यायला हवा. तो लेखी मागा आणि जमेल तोवर हप्ता वाढवा. फ्लोटिंग गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडण्यावर दंड नसतो, म्हणून बोनस आला की थेट मुद्दलात.

कर्ज घेताना ओव्हरड्राफ्ट प्रकारचं गृहकर्ज मिळतं का ते विचारा. दर थोडासा जास्त असतो, पण गंगाजळी आणि भाडेकरूचं डिपॉझिट त्या खात्यात ठेवलं की तेवढ्या रकमेवरचं व्याज वाचतं आणि गरज पडली की पैसे काढता येतात. डिपॉझिट ही भाडेकरूची ठेव आहे, ती फर्निचरमध्ये घालून बसलं की तो घर सोडताना धावपळ होते.

करबचतीच्या नावाखाली हे घर विकलं जातंय का, तेही तपासा. भाड्याच्या उत्पन्नातून आधी तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो, मग उरलेल्यावर सरसकट 30 टक्के, मग कर्जाचं व्याज. मेंटेनन्स, दलाली, दुरुस्ती वेगळी वजा होत नाही. 30 टक्क्यांत सगळं आलं. तुमच्या हिशेबात 2,85,000 वर 85,500 सूट, राहिले 1,99,500. पहिल्या वर्षाचं व्याज जवळजवळ 5 लाख 5 हजार. म्हणजे तीन लाखांवर तोटा. जुन्या करप्रणालीत त्यातले 2 लाख पगारातून वजा होतात, बाकीचा तोटा पुढची 8 वर्षं फक्त घराच्या उत्पन्नातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजा होतच नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर ‘व्याजावर टॅक्स वाचेल’ हे वाक्य तुमच्यासाठी नाही. फक्त या घरासाठी जुन्या प्रणालीत परत जायचं तर दोन्हीकडचा कर मांडून बघा. 2 लाखांवर 30 टक्क्यांच्या टप्प्यात वाचतात 62,400, आणि त्याबदल्यात नव्या प्रणालीचे कमी दर सोडावे लागतात.

पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळते. दोघांच्या नावावर घेतल्यास नाही. पण पैसे तुमचे असतील तर भाड्याचं उत्पन्न कर खात्याच्या दृष्टीने तुमचंच धरलं जातं. सवलत घ्या, करबचत समजू नका.

मग करायचं काय? याच 25 लाखांत लहान घर. उदाहरण म्हणून 42 लाखांचा वन बीएचके, भाडं 16 हजार, कर्ज फक्त 25 लाख. मुद्रांकासकट वरचे सगळे खर्च (डागडुजी लहान घराच्या मानाने कमी) धरून खिशातून सव्वाबावीस लाख जातात. हप्ता 21,700. वरच्याच पद्धतीने खर्च वजा केले तर निव्वळ भाडं महिना 10 हजारांच्या आसपास, पदरचे घालायचे साडेअकरा हजार, आणि हातात पावणेतीन लाख राहतात, म्हणजे वर्षभराचे हप्ते. परताव्याचा टक्का जवळपास तेवढाच आहे, तो काही सुधारला नाही. पण नोकरी गेली किंवा घर चार महिने रिकामं राहिलं तरी ते तोट्यात विकायची वेळ येत नाही. छोट्या गुंतवणूकदाराचं नुकसान बहुतेक वेळा चुकीच्या घरापेक्षा चुकीच्या वेळी विकावं लागल्यामुळे होतं.

बांधकाम चालू असलेलं घर या कामासाठी नको. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, व्याज चालू, वर घराच्या किमतीनुसार 1 किंवा 5 टक्के जीएसटी. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं तयार घर घ्या.

रिसेल घराची कागदपत्रं वकील बघेल: इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), आधीच्या सगळ्या करारांची साखळी, मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च, शेअर सर्टिफिकेट, मूळ मालकाचं कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला. वकील जे बघत नाही ते तुम्ही बघा: सोसायटीचे गेल्या तीन वर्षांचे हिशेब. त्यात दोन ओळी शोधा. एक, पाण्याच्या टँकरचा खर्च. पश्चिम पुण्यात मार्च ते जूनमध्ये हा आकडा असा उडी मारतो की 3 हजारांचा मेंटेनन्स पाच हजारांवर जातो, आणि तुमच्या 17,800 मधले दोन हजार तिथेच संपतात. दुसरी ओळ सिंकिंग फंडाची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांची. दहा वर्षं जुन्या इमारतीत तो नगण्य असेल तर लिफ्ट बदलताना किंवा बाहेरून रंग काढताना प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी येणार, आणि ती भाडेकरूकडून घेता येत नाही. अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आली का, हेही सचिवांनाच विचारा.

टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, म्हणजे जड. त्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळांच्या आतली कार्ट्रिज अडकतात, शॉवर बंद होतात. भाडेकरूच्या तक्रारींतल्या निम्म्या इथून सुरू होतात. स्टोरेज गिझरमधला अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) दर दीड-दोन वर्षांनी बदलला तर टाकी वाचते. हे काम काहीशे रुपयांचं आहे, नवा गिझर आठ-दहा हजारांचा. बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट घर रिकामं असतानाच भरून घ्या. साधं सिमेंटचं भरण पाच-सात वर्षांत निघतं, पाणी खालच्या फ्लॅटच्या छतात उतरतं, आणि मग खालच्याचा रंगही तुम्हालाच करून द्यावा लागतो. घर बघायला जाल तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून बाथरूमच्या छताबद्दल विचारा. दोन मिनिटांत खरं कळतं.

75 लाखांच्या घरात आणखी एक गोष्ट विसरली जाते. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर विक्रेत्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस तुम्ही कापायचा आणि ऑनलाइन भरायचा. उशीर झाला तर रोज 200 रुपये विलंब शुल्क लागतं.

आता भाडेकरार. महाराष्ट्रात घर ‘लिव्ह अँड लायसन्स’ वर द्या, म्हणजे ठराविक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी, आणि करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधलं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. स्टँप पेपरवर नोटरी करून भागवणारे अजून खूप आहेत. त्यांची वाचलेली रक्कम बघा: 24 हजार भाडं, 75 हजार डिपॉझिट, 11 महिने. एकूण भाडं 2,64,000, डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी मानलेलं व्याज 6,875, बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक म्हणजे 677 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1 हजार. एवढ्यासाठी लाखोंचं घर टांगणीला लावायचं?

11 महिन्यांची सवय महाराष्ट्रात निरर्थक आहे. इथे कितीही मुदतीचा करार नोंदवावाच लागतो आणि 60 महिन्यांपर्यंत मुद्रांकाचा दर तोच. उलट 11 महिन्यांनी तुमचं नुकसान होतं. पुण्यात जून-जुलैमध्ये नव्या नोकऱ्या आणि कॉलेजांमुळे घरांना सगळ्यात जास्त मागणी असते. जुलैत सुरू झालेला 11 महिन्यांचा करार पुढच्या वेळी जूनवर येतो, मग मेवर, आणि असा सरकत सरकत तो कधीतरी दिवाळीनंतरच्या मंदीत संपतो. घर दोन महिने रिकामं. त्याऐवजी 24 महिन्यांचा करार करा, दुसऱ्या वर्षी 5 टक्के वाढ त्यातच लिहा, आणि शेवटची तारीख 30 जून ठेवा. भाडेकरू मध्येच गेला तर पुढचा करार वेगळ्या मुदतीचा, 17 किंवा 20 महिन्यांचा करून तारीख परत जूनवर आणा.

करारात या गोष्टी स्पष्ट असाव्यात: सहा महिने लॉक-इन (तेवढ्या काळात कोणीही करार मोडायचा नाही), त्यानंतर दोन्हीकडून एक महिन्याची लेखी सूचना, भाडं दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत बँकेत, दोन महिने थकल्यास करार रद्द करण्याचा अधिकार, रंगाची कपात किती आणि कशी, 500 रुपयांखालची किरकोळ दुरुस्ती कोणाची. ‘रंगाचे एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ असं सरसकट लिहिलं की निघताना भांडण ठरलेलं. प्रत्यक्ष बिलाप्रमाणे, कमाल एक महिना, असं लिहा. पंखे, ट्यूब, गिझर, चाव्या यांची यादी करारालाच जोडा आणि ताबा देताना खोलीनिहाय व्हिडिओ काढून भाडेकरूला पाठवा.

ऑनलाइन नोंदणीत आधारशी जोडलेला अंगठा दोघांचा आणि साक्षीदारांचाही लागतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवा. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार भाड्याने देण्यासाठी परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही टक्केवारी मिळकतकरावर लावलेली असेल तर लेखी हरकत घ्या. पुणे महापालिकेच्या हद्दीत घर असेल तर स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी मिळकतकरातली 40 टक्के सवलत भाड्याच्या घराला नाही, तो वाढीव कर हिशेबात धरा.

महावितरणचा ग्राहक क्रमांक स्वतःच्या मोबाइलशी जोडून ठेवा. बिल भाडेकरू भरतो, पण थकबाकी तुमच्या नावावर साचते. पाइप गॅसचं बिल उशिरा येतं, म्हणून भाडेकरू निघताना दोन्ही मीटरचे फोटो काढा आणि अंदाजे रक्कम अडवून बाकीचं डिपॉझिट त्याच दिवशी परत करा. बाकीचं महिनाभर अडकवून ठेवणारा घरमालक एजंट लोकांत लगेच माहीत होतो आणि चांगले भाडेकरू त्याच्याकडे येत नाहीत.

भाडं थकलं तर दहा दिवसांत लेखी विचारा, महिना संपला की वकिलाची नोटीस. वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं अजिबात नको. पोलिसात तक्रार तुमच्यावर होते आणि तुमची बाजू कायमची कमकुवत होते. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथे नोंदणीकृत करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. मात्र मुदत संपल्यावर ‘राहू दे अजून दोन-तीन महिने’ म्हणत जुन्या दराने भाडं घेत राहिलात तर समोरच्याच्या वकिलाला मुद्दा तुम्हीच दिला. राहायचंच असेल तर मुदत संपण्याआधी नवा करार, मग तो तीन महिन्यांचा का असेना.

परदेशी जाण्याबद्दल. तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापायला हवा, रक्कम कितीही लहान असो, दर 31.2 टक्के. निवासी मालकाला लागू असलेली महिना 50 हजारांची मर्यादा इथे नाही. त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढून दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागतं. पुष्कळ भाडेकरू हे ऐकूनच नको म्हणतात, म्हणून आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढा. व्याजामुळे तुमचं करपात्र भाडं जवळपास शून्य असल्याने तो मिळायला चांगला आधार आहे. भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात घ्या. आणि निघण्याआधी, इथे असतानाच, आई-वडील किंवा भावाच्या नावे करार करणं, भाडं घेणं, प्राधिकाऱ्यापुढे हजर राहणं असे अधिकार नावानिशी लिहिलेलं मुखत्यारपत्र नोंदवून ठेवा. तिकडून करायचं झालं तर भारतीय दूतावासात साक्षांकन, कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, आणि तोवर घर रिकामं.